सोपान शिंप्याचा गेमचा डबा

बोरखेडी गावात सोपान नावाचा एक भोळा शिंपी राहायचा. हात शिवणात तयार, डोकं अगदी सरळ. सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करायचा.

त्याच्या मुलीचा, रेणूचा, पाय मोडला. दीड महिना प्लॅस्टर. खाटेवर पडून पडून ती कंटाळली. म्हणाली, "आबा, टीव्हीला लावायचा गेमचा डबा आणा ना."

बायको कौसल्या म्हणाली, "अहो, त्यात दोन कंपन्या आहेत. समोर दिसला तो उचलू नका. दोन्ही नीट तोलून बघा."

सोपान तालुक्याला गेला. दुकानदाराने दोन डबे काढले. काळा महाग, पांढरा स्वस्त. सोपानने दोन्ही काखोटीला मारले आणि शेजारच्या वाण्याच्या काट्यावर नेऊन ठेवले. दुकानदार मागे धावला.

"पांढरा जड भरतोय," सोपान म्हणाला. "शिवाय स्वस्त. पांढरा द्या."

"काका, वजनावर काय जाता? पांढरा स्वस्त, पण त्याचे गेम महाग. डब्याची किंमत बघायची नसते. आत काय काय घालावं लागतं, त्याचा खर्च बघायचा."

सोपानला पटलं. तो बाजारभर हिंडला आणि संध्याकाळी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन घरी आला.

"हे काय आणलंत?" कौसल्याने विचारलं.

"यात काही नाही घातलं तरी चालतं. वरचा खर्च शून्य."

रेणूने भिंतीकडे तोंड फिरवलं. कौसल्याने कपाळाला हात लावला. "महाग पडला तरी चालेल. पण गेमचाच घ्या आणि टिकाऊ घ्या."

दुसऱ्या दिवशी सोपान पुन्हा त्याच दुकानात. "यातला जास्त कुठला टिकेल?"

"काळा. दहा वर्षं बघायला नको. फक्त पोरांच्या हाती फार देऊ नका."

सोपानने काळा घेतला. घरी येऊन थेट मशीनवर बसला. गादीच्या जाड कापडाचा अभ्रा बेतला, डबा आत घातला आणि चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली.

"आबा, आता खेळायचं कसं?" रेणूने विचारलं.

"दहा वर्षांनी उसवू."

आता मात्र कौसल्या तापली. "एवढे पैसे ओतलेत, निदान चालू तरी करा. नुसता पडून राहिला तर पैसे पाण्यात. दिवसभर वापरला तर वसूल."

"वापरला तर वसूल," सोपान पुटपुटला. त्याने वायरीपुरती शिवण उसवली आणि डबा चालू केला. अभ्र्यात कोंडलेला डबा थोड्याच वेळात तापला. सोपानने वर हात ठेवून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला.

त्याने गिऱ्हाइकाची पँट पसरली आणि तिच्यावरून डबा फिरवला. चुण्या मोडल्या. मग सदरे घेतले. मग शाळेचे गणवेश. रेणू खाटेवरून रडवेली होऊन बघत होती. पोस्टमनचा खाकी शर्ट काही केल्या सरळ होईना. सोपानने तोंडात पाणी भरलं, शर्टावर फवारा मारला आणि डबा दाबून धरला.

फट्कन आवाज झाला. घरातली वीज गेली. शर्टाच्या पाठीला ताटलीएवढं भोक पडलं.

कौसल्या धावत आली. "अहो, काय केलंत हे?"

सोपान जळका अभ्रा मांडीवर घेऊन बराच वेळ विचार करत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःची चूक कळली होती.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "नुसत्या गेमच्या डब्यांची तुलना करत बसलो. त्याच दुकानात इस्त्री केवढ्याला मिळते, ते विचारलंच नाही."