अध्यक्षांच्या हातचा गुलाल

आमच्या जिल्ह्याच्या बॉक्सिंग संघटनेत एक रीत होती. राज्य किताबासाठी ज्याला पाठवायचं, त्याच्या कपाळाला अध्यक्षांनी गुलाल लावायचा. अध्यक्ष होते खंडेराव इंगवले, जुने पैलवान. त्यांच्या मतापुढे कुणी बोलत नसे.

यंदा नाव आलं रतन डोंगरदिवेचं. वजन एकशे चार किलो, पण पाय एका जागी ठरत नसत. वयाच्या अटीमुळे त्याची ही शेवटचीच संधी होती.

त्याचा सराव पाहून खंडेराव म्हणाले, "हेवीवेट कसा खांबासारखा उभा पाहिजे! हा पायाखाली विस्तव असल्यासारखा नाचतो. मी याला गुलाल लावणार नाही."

रतनच्या प्रशिक्षक तायडेबाईंनी गुलालाचं ताट पुढे केलं. "साहेब, लावता येतो का ते तरी बघा. तीन मिनिटं घ्या. रतन हात उचलणार नाही. कपाळाला बोट लागलं, तर त्याचं नाव मीच खोडते."

खंडेराव मूठभर गुलाल घेऊन रिंगमध्ये चढले. डावीकडून गेले, उजवीकडून गेले, शेवटी हात पसरून धावले. कपाळ दर वेळी वीतभर लांबच. घंटा झाली तेव्हा ते दोर धरून धापा टाकत होते, आणि घाम पुसता पुसता सगळा गुलाल त्यांच्याच तोंडाला लागला होता.

"पळतो छान," ते कसेबसे म्हणाले, "पण समोरच्याला हरवणार कसा?"

"तुम्हाला उभं राहवत नाहीये, साहेब," बाई म्हणाल्या, "आणि त्याने अजून हात उचललेला नाही."

खंडेरावांनी ताट मागितलं. या वेळी रतन जागचा हलला नाही.