मांडीवरचा असुर

“यात अर्थ विचारण्यासारखं काय आहे, महाराज? हा नरसिंह. हिरण्यकशिपूचं पोट फाडतोय.”

सारंगधर मठातला सर्वांत हुशार शिष्य. पुराणं त्याला तोंडपाठ. समोरचं चित्र अद्वयानंद महाराजांच्या गुरूंनी काढलेलं, जाड कागदावर तांबड्या खडूने. कागद पिवळा पडला होता, खडू नाही. त्या चित्रापुढे कुणी फार वेळ थांबत नसे.

“नीट बघ.”

“उंबरठा. मांडी. नखं. अधर्माला क्षमा नाही, एवढाच अर्थ.”

“म्हणून काल भिवाला मारलंस?”

सारंगधरने चित्रावरून नजर काढली.

पायथ्याच्या वाडीतला भिवा कोठारातून तांदूळ नेताना सापडला होता. सारंगधरने त्याला खांबाला बांधून काठीने झोडपलं होतं. कालपासून तो आतल्या खोलीत बेशुद्ध पडला होता.

“चोरी केली त्याने. शिक्षा नको?”

महाराज उंबरठ्यावर बसले.

“ये. मांडीवर आडवा हो.”

“महाराज...”

“ये.”

तो आडवा झाला. महाराजांनी एका हाताने त्याची मान धरली, दुसरा पोटावर ठेवला. बोटं रुतू लागली.

सारंगधरने वर पाहिलं. खालून तो चेहरा ओळखीचा वाटेना. वीस वर्षांत त्या तोंडचा एक कठोर शब्द त्याने ऐकला नव्हता... आणि आता ती बोटं थांबत नव्हती.

“सोडा... महाराज, मला भीती वाटतेय!”

“मलाही.”

तेव्हा त्याला जाणवलं, पोटावरचा हात थरथरत होता.

पकड सुटली. सारंगधर धडपडत उठला, भिंतीला टेकला. चित्र अगदी जवळ आलं होतं. आजवर त्याने फक्त नखं पाहिली होती. नरसिंहाचे डोळे असुरावर नव्हतेच. ते विस्फारून स्वतःच्याच पंजांकडे बघत होते.

“हा... हा तर घाबरलाय.”



आतल्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. भिवाचा. मग क्षीण स्वरात, “पाणी...”

 सारंगधरने पाण्याचा तांब्या उचलला.

“मला बघून तो ओरडेल, महाराज. जाऊ मी?”

“जा. पण हात धुऊन जाऊ नकोस. काल काठी धरली, तेच हात घेऊन जा.”