तिळ्याचं किर्र खोक्यात गेलं

या, जवळ सरका. अजून जवळ. ही गोष्ट मोठ्यानं सांगत नाहीत.

एक होता रातकिडा. एवढुस्सा. काळा काळा, तिळाएवढा. म्हणून नाव त्याचं तिळ्या.

वसईच्या एका गल्लीत इनासकाकांचं दुकान होतं. तिथं मोडक्या गिटारी यायच्या. मुके झालेले खोके यायचे. खोका म्हणजे गिटारचा आवाज मोठ्ठा करणारा. काका गिटारी जोडायचे, खोक्यांना बोलतं करायचे. दुपार झाली की शटर खाली. खर्रर्र, धाड! मग मागच्या खोलीत चटईवर काका आडवे. घुर्र, घुर्र.

काकांना एक खोड होती. दुरुस्त केलेला खोका ते चालूच ठेवायचे. "तापू दे जरा," म्हणायचे आणि झोपायचे. गिटारही तशीच, वायरीला जोडलेली.

दुकानात काळोख. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, सगळ्या मान वर करून. प्रत्येकीच्या पोटात एक गोल काळं भोक. आणि खोक्याचा एकच डोळा. लाल.

घाबरलात? मी नाही घाबरले. बरं, थोडीशी.

टुणुक टुणुक तिळ्या आला. जोडलेल्या गिटारच्या भोकात बसला. पंख घासले. म्हणाला, "किर्र!"

किर्र गेलं गिटारमध्ये. किर्र गेलं वायरीतून, सळ्ळ. किर्र गेलं खोक्यात. गपकन!

तिळ्यानं पुन्हा पंख घासले. काहीच नाही. पुन्हा घासले. काहीच नाही! किर्र गेलं, नुसती कुजबुज उरली.

आणि खोक्याच्या आतून कुणीतरी म्हणालं, "र्रऽऽकि."

तिळ्याचाच आवाज. पण उलटा. आणि तिळ्या तर बाहेर!

आता काय करायचं? दिवे लागले की तिळ्याची आई पिल्लांना शोधायला निघायची. अंधारात तिला दिसणार काय? ती म्हणायची, किर्र? पिल्लू म्हणायचं, किर्र! मग पिल्लू सापडायचं. जे पिल्लू किर्र म्हणायचं नाही, ते सापडायचंच नाही.

टुणुक टुणुक तिळ्या खोक्याकडे गेला.

"खोकेदादा, खोकेदादा, माझं किर्र काही मिळेना. तू बोल ना!"

खोक्यानं लाल डोळा रोखला. "हुंऽऽऽ. वायर सुटल्याशिवाय मी नाही बोलत."

टुणुक टुणुक तिळ्या वायरीकडे गेला. वायर जमिनीवर पडली होती. लांबच लांब.

"वायरताई, वायरताई, खोका बोलेना, माझं किर्र काही मिळेना. तू सूट ना!"

वायर जराशी हलली. वारा नव्हता, तरी हलली. "सळ्ळ. गिटारनं सोडल्याशिवाय मी नाही सुटत."

टुणुक टुणुक तिळ्या गिटारकडे गेला.

"गिटारमावशी, गिटारमावशी, वायर सुटेना, खोका बोलेना, माझं किर्र काही मिळेना. तू सोड ना!"

कुणी हात लावला नाही, तरी गिटार वाजली. टंऽऽऽ. "माझी एक तार तुटलीय. नवी तार चढल्याशिवाय मी नाही सोडत."

शटरखाली उन्हाची एक रेघ होती. मघाशी पांढरी होती. आता पिवळी झाली.

टुणुक टुणुक तिळ्या तारेकडे गेला. नवी तार कागदी पाकिटात वेटोळं घालून बसली होती.

"तारआत्या, तारआत्या, गिटार सोडेना, वायर सुटेना, खोका बोलेना, माझं किर्र काही मिळेना. तू चढ ना!"

पाकिटातून टोक बाहेर आलं. बारीक. चकचकीत. "स्स्स. खुंटी फिरल्याशिवाय मी नाही चढत."

टुणुक टुणुक तिळ्या खुंटीकडे गेला. खुंटी गिटारच्या डोक्यावर, उंच. तिथून खाली बघू नका हं.

"खुंटीमामी, खुंटीमामी, तार चढेना, गिटार सोडेना, वायर सुटेना, खोका बोलेना, माझं किर्र काही मिळेना. तू फिर ना!"

"कर्र... कर्र... गंज चढलाय रे बाळा. तेल ठिपकल्याशिवाय मी नाही फिरत."

टुणुक टुणुक तिळ्या तेलाच्या बाटलीकडे गेला.

"बाटलीबाई, बाटलीबाई, खुंटी फिरेना, तार चढेना, गिटार सोडेना, वायर सुटेना, खोका बोलेना, माझं किर्र काही मिळेना. तू ठिपक ना!"

"गुळुक. मला कुणी दाबायला नको का? काका उठल्याशिवाय मी नाही ठिपकत."

शटरखालची रेघ केशरी झाली. आणि खोका पुन्हा म्हणाला, "र्रऽऽकि. र्रऽऽकि." आता जरा खुशीत म्हणाला. मला नाही आवडलं ते.

टुणुक टुणुक टुणुक टुणुक तिळ्या मागच्या खोलीत गेला. काकांच्या उशीवर चढला. कानाशी गेला.

"इनासकाका, इनासकाका, तेल ठिपकेना, खुंटी फिरेना, तार चढेना, गिटार सोडेना, वायर सुटेना, खोका बोलेना, माझं किर्र काही मिळेना. तुम्ही उठा ना!"

झोपलेल्या माणसांना रातकिड्यांचं बोलणं कळतं. काका झोपेतच म्हणाले, "घुर्र. चहा उकळल्याशिवाय मी नाही उठत. घुर्र."

आणि तेवढ्यात बाहेरून, गल्लीतून, आवाज आला.

"किर्र?"

आई! तिळ्याची आई!

तिळ्यानं पंख घासले. जोरजोरात घासले. काहीच नाही.

"किर्र?" आई थांबली. वाट पाहिली. मग पुढे गेली. "किर्र?" आता जरा लांबून. "किर्र?" आता फार लांबून.

तिळ्याला रडू आलं. पण रडायलाही आवाज नव्हता.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, तिळ्या स्वयंपाकघरात गेला. तिथं काकांची बायको, फिलूकाकू, शेंगा निवडत बसली होती. तिळ्या तिच्या हातावर चढला.

"फिलूकाकू, फिलूकाकू, चहा उकळेना, काका उठेनात, तेल ठिपकेना, खुंटी फिरेना, तार चढेना, गिटार सोडेना, वायर सुटेना, खोका बोलेना, माझं किर्र काही मिळेना!"

फिलूकाकूला काहीच ऐकू आलं नाही. जाग्या माणसांना रातकिड्यांचं बोलणं कळत नाही.

तिळ्या आता काय सांगणार? सांगून झालं सगळं. तो नुसता पंख घासत राहिला. घास, घास, घास.

काकूनं पाहिलं. हात कानाजवळ नेला. ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"अरे, पंख तर हलतायत. मग किर्र कुठं गेलं तुझं?"

काकूनं दुकानाच्या दाराकडे बघितलं. काळोखात लाल डोळा. हुंऽऽऽ.

"अगं बाई! यांनी खोका पुन्हा चालू ठेवला वाटतं!"

आणि काकू उठली. हे झाल्याशिवाय नाही, ते झाल्याशिवाय नाही, असलं काही ती म्हणालीच नाही. तिनं सरळ चहा ठेवला.

चहा उकळला. खदखद, खदखद.

चहा उकळला, तसे काका उठले. "अहो, चालू खोका सोडून झोपू नका, कितीदा सांगायचं?" काकू म्हणाली. "हा बघा, या पिल्लाचा आवाज गिळलाय त्यानं."

काका जीभ चावून म्हणाले, "चुकलंच माझं, फिलू. आण त्याला इकडे."

काका उठले, तसं तेल ठिपकलं. टिप्.
तेल ठिपकलं, तशी खुंटी फिरली. कर्र, कर्र, सुर्र.
खुंटी फिरली, तशी तार चढली. टिंग!
तार चढली, तशी गिटारनं वायर सोडली. टंऽऽऽ.
गिटारनं सोडलं, तशी वायर सुटली. सळ्ळ.
वायर सुटली, तसा खोका बोलला. ढप्प!

आणि मग...

कान झाका.

"किऽऽऽर्रऽऽऽर्रऽऽऽ!"

केवढं मोठ्ठं! भिंतीवरच्या सगळ्या गिटारी एकदम थरथरल्या. कप वाजले. गल्लीतली कुत्री गप्प झाली. झाडावरचे कावळे उडाले.

काकांनी खटका खाली केला. लाल डोळा मिटला.

सगळं शांत. तिळ्या कान देऊन ऐकू लागला. आता आई येईल. आता येईल.

आई आलीच नाही.

कशी येणार? तिनं ऐकलं होतं ते किर्र. शोधत शोधत ती परत गल्लीत आली होती, आणि आता दाराबाहेर एका दगडाखाली अंग चोरून बसली होती. "हा माझा तिळ्या नव्हे," ती म्हणत होती. "हा कुणीतरी राक्षस. माझ्या तिळ्याला यानंच खाल्लं असणार." आणि ती रडत होती.

काकांनी शटर वर केलं. खर्रर्र. बाहेर अंधार पडला होता.

टुणुक टुणुक तिळ्या उंबऱ्यावर आला. त्याला भीती वाटत होती. पुन्हा काहीच आलं नाही तर? किंवा ते मोठ्ठंच आलं तर?

त्यानं हळूच पंख घासले.

"किर्र."

एवढंसं. त्याचं स्वतःचं.

दगडाखालून आई म्हणाली, "किर्र?"

"किर्र!"

"किर्र?"

"किर्र! किर्र! किर्र!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! आई धावतच आली. तिनं तिळ्याला हुंगलं. मिशा मिशांना लावल्या. "तूच आहेस," ती म्हणाली. "एवढंसं किर्र तुझंच."