ठमाक्काने तोडलेला पिंपळ

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्यांनाही दात आले नव्हते तेव्हा, तांबजाई नदीवर एक मातीचा बांध होता. तो पाणी साठवायला बांधलेलाच नव्हता. नदी पिसाळली की तिला अडवायचं आणि मोरीतून हळूहळू सोडायचं, एवढंच त्याचं काम. एरवी त्याच्या मागच्या कोरड्या पोटात गुरं चरत. ज्यांनी पूर पाहून तो बांधला ती माणसं गेली, बांध म्हातारा झाला, आणि खालच्या हिरडवाडीला तो कशाला आहे हेच आठवेना. गरज सरो, वैद्य मरो.

बांधावरच्या खोपीत ठमाक्का एकटी राहायची. नवरा राखणदार होता, तो वारल्यावर राखण तिच्याकडे आली. मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी ती अनवाणी बांधावरून चालायची, खेकड्यांची बिळं चिकणमातीने बुजवायची आणि उगवलेलं रोप उपटायची. मातीत मूळ शिरलं की त्याच्या कडेने पाणी वाट काढतं. असं म्हणतात, आत कुठे पोकळ आहे ते तिच्या टाचांना कळायचं.

एका वर्षी ती दुखण्याने अंथरुणाला खिळली. दोन पावसाळे गेल्यावर उठली तेव्हा बांधाच्या गावाकडच्या अंगाला पुरुषभर पिंपळ उभा होता. बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड होता आणि बाया दिवे लावत होत्या. आता पिंपळाला हात कोण लावणार?

गावच्या गुरवाने, रामजीने, तिला बजावलं, "अक्का, ह्याच्यावर कुऱ्हाड घातलीस तर तुझ्या हातचं पाणी कुणी पिणार न्हाई."

"नगा पिऊ," ती म्हणाली. "पर खाली तुमचीच घरं हैत."

तिने पिंपळाला हात जोडले, माफी मागितली आणि तो तोडला. मुळं खणून काढली, खड्ड्यात चिकणमाती भरली. पण भरलेली माती नुसती चोपून चालत नाही, ती पुष्कळ पायांनी तुडवावी लागते. ती दारोदार गेली. "घडीभर पाय द्या," म्हणाली. दारं लागली. धाकट्या बहिणीने, कोंडाबाईने, भाचीच्या लग्नाचंही बोलावणं धाडलं नाही. लग्नाची वाजंत्री ठमाक्काने बांधावरूनच ऐकली. त्या दिवशी ती रडली, आणि मग पुन्हा माती तुडवायला लागली. दोन पायांनी किती तुडवणार?

पुढच्या पावसाळ्यात तांबजाई बांधाच्या कडेपर्यंत चढली. गाव देवळाच्या टेकाडावर गोळा झालं. पिंपळाच्या जागी पाणी झिरपायला लागलं, आधी नितळ आणि मग गढूळ. गढूळ पाणी म्हणजे आतून बांध वाहू लागला. ठमाक्काने हाक मारली, "या रं, माती तुडवायला या!"

टेकाडावर सगळ्यांना ऐकू आलं. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं. पहिला कोण जाणार, म्हणून कुणीच गेलं नाही.

मग ठमाक्का त्या जागेला पाठ लावून बसली. असं म्हणतात, तिची पाठ बांधाएवढी रुंद झाली. नदीने ती पाठ चाचपली, हुंदका दिला आणि ती मागे फिरली.

पूर ओसरल्यावर सगळ्यात आधी कोंडाबाई धावली. ठमाक्का तिथे नव्हती. ती जागा मात्र फरशीसारखी घट्ट झाली होती, आणि हात लावला तर कोमट लागत होती.

अजून मृगाच्या आधी सारी हिरडवाडी अनवाणी बांधावर जाते. मोरी साफ करते, रोपं उपटते, पिंपळाचंही. मग त्या जागी नवी माती टाकून लहानथोर ती तुडवतात आणि एका सुरात म्हणतात, "अक्का, आलो गं."

त्या जागेला हात लावल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही.