तिरप्याचा पाय

त्या किनाऱ्यावरचे सगळे खेकडे चित्रं काढत. ओहोटी लागली की वाळूच्या बारीक गोळ्या करायच्या, त्या पायानं मांडत जायच्या आणि भरती येऊन सगळं पुसून नेईपर्यंत बघत बसायचं. ज्याचं चित्र त्याचं स्वतःचं आहे असं पंच म्हणतील, त्याला वरच्या कोरड्या वाळूत बीळ मिळे. बाकीच्यांनी खाली ओलीत राहायचं. पावसाळ्याच्या उधाणात त्यातले निम्मे वाहून जात.

तिरपा खाली राहत होता. चित्रं काढण्यात नावाजलेले भोवरेबुवा समुद्रात गेले त्याला वर्षं लोटली. पण त्यांच्या वळणांवरून चालून चालूनच तो गोळी मांडायला शिकला होता. वाळू कोरी कुठे सोडायची, हे तो पोकळेआजींकडे बघून शिकला. दोघांवर त्याचा भारी जीव, आणि घोडं पेंड खाई ते तिथंच. त्यानं काहीही काढलं की पंच डोळे मिटून म्हणत, वा, भोवरेबुवांची आठवण झाली! मग एके दिवशी त्यानं हट्टानं सरळ रेघ धरली. निम्म्यात पाय आपसूक डावीकडे वळला. तिरप्याला रडूच फुटलं.

पावसाळा तोंडावर आला होता. तेव्हा त्यानं फक्त खेकड्यालाच सुचेल असं काहीतरी केलं. ज्या पायात ते वळण होतं, तो पाय सांध्यातून मोडून टाकला. खेकड्याचा पाय पुन्हा फुटतो. नवा फुटेल तो तरी कोरा असेल, एवढीच त्याची आशा.

पोकळेआजी तिरप्याला बघायला आल्या. तुटका पाय त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"हे वळण भोवऱ्याचं नव्हेच रे," त्या म्हणाल्या. "त्याच्या गुरूचं. भोवऱ्यानंही पाय मोडला होता. दोनदा."

"मग काय झालं?"

आजींनी तो पाय हलकेच खाली ठेवला आणि त्या आपल्या वाटेनं गेल्या.

उधाणाला चार दिवस उरले असताना नवा पाय फुटला. पांढरा, मऊ, अजून वाळूचा कणही न शिवलेला. तिरप्यानं तो जमिनीला लागू नये म्हणून पोटाशी उचलून धरला. खालून पाणी चढत होतं. आणि तो इवलासा पाय अधांतरीच हलत होता, सावकाश, गोल, डावीकडे.