कापशीचा पिवळा रुमाल

मंगळवार होता. ऊन पडलं होतं. कापशी शेंगदाणा खात होती. कुटुकुटु, कुटुकुटु.

कापशी म्हणजे एक पांढरी उंदरी. कापसाच्या बोंडाएवढी. सदूकाकांच्या बाहीत राहायची.

सदूकाका जादू करायचे. रेशमी रुमालांची जादू. पिवळा रुमाल मुठीत कोंबायचे. मुलं फुंकर मारायची. फू! मूठ उघडली की रुमाल गायब! मग बाहीतून कोण यायचं? कापशी! तोंडात काय? पिवळा रुमाल! दिवसा तो रुमाल जादूचा. रात्री तो कापशीचं अंथरूण.

सदूकाकांना एक खोड होती. हाताला काही लागलं की त्याला गाठ मारायची. पडद्याच्या दोरीला गाठ. पिशवीच्या बंदाला गाठ. आडाच्या दोराला गाठ. कुणी सोडायला गेलं तर सुटायची नाही. एखाद्या लहान मुलानं फुंकर मारली, की काका एक टोक ओढायचे. सुर्र! सुटली.

त्या मंगळवारी सकाळीच काका परगावी निघाले. कापशीचा रुमाल धुऊन वाळत घातला होता, म्हणून कापशी घरी राहिली. जाता जाता काकांनी काकूच्या जांभळ्या पदराला गाठ मारली.

"अहो, हे काय?" काकू म्हणाली.

"आल्यावर सोडतो," काका म्हणाले. आणि गेले.

दुपारी फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग. काकूनं ऐकलं. मग फोन खाली ठेवला.

"कापशे," ती म्हणाली, "सदूकाका वारले. ते आता येणार नाहीत."

काकू पायरीवर बसली. रुमाल आत घ्यायचा राहून गेला. वारा आला. भुर्र! पिवळा रुमाल उडाला. परसातल्या बोरीवर जाऊन अडकला.

पुष्कळ दिवस गेले. लोक आले. लोक गेले. काकू तीच जांभळी साडी धुवायची, वाळवायची, पुन्हा तीच नेसायची. कापशीला झोप येईना. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. पेटीवर चढ, पेटीवरून उतर. काही केल्या चैन पडेना.

शेवटी एका सकाळी ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आली बोरीपाशी.

"बोरमावशी, बोरमावशी, रुमाल सोड ना. मला चैन पडत नाही."

"मी नाही सोडणार!" बोर म्हणाली. "किती दिवसांत कुणी पाणी घातलं नाही. माझे काटे बघ कसे ताठ झालेत. बादलीबाई पाणी देईल, तर मी रुमाल सोडीन."

"बरं," कापशी म्हणाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

परसात एक आड होता. झाडांना पाणी घालायचं ते त्याच आडाचं. काठावर बादली बसली होती.

"बादलीबाई, बादलीबाई, पाणी दे ना.
बोरमावशी रुमाल सोडत नाही,
मला चैन पडत नाही."

"मी नाही देणार!" बादली म्हणाली. ठण ठण! "ऐकलंस? रिकामी आहे मी. कप्पीआजी फिरेल, तर मी खाली जाईन. खाली जाईन, तर पाणी देईन."

"बरं," कापशी म्हणाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खांबावर चढली.

वर कप्पी होती. जुनी, गंजकी, कुरकुरणारी.

"कप्पीआजी, कप्पीआजी, फिर ना.
बादलीबाई पाणी देत नाही,
बोरमावशी रुमाल सोडत नाही,
मला चैन पडत नाही."

"मी नाही फिरणार!" कप्पी म्हणाली. कुर्र कुर्र! "माझ्या गळ्यात दोराची गाठ अडकलीय. बोलायलासुद्धा होत नाही, आणि ही म्हणे फिर! दोरदादा सरकेल, तर मी फिरेन."

"बोलतेस तर खूप," कापशी म्हणाली. पण हळूच म्हणाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दोर लोंबकळत होता. डुलत डुलत डुलकी काढत होता.

"दोरदादा, दोरदादा, सरक ना.
कप्पीआजी फिरत नाही,
बादलीबाई पाणी देत नाही,
बोरमावशी रुमाल सोडत नाही,
मला चैन पडत नाही."

"मी नाही सरकणार!" दोर म्हणाला. त्यानं मोठी जांभई दिली. आऽऽ! "माझ्या पोटात सदूकाकांची गाठ आहे. साधीसुधी नाही. काकू गाठ सोडेल, तर मी सरकेन."

आता कापशी बरं म्हणायलाही थांबली नाही. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

काकू पायरीवर बसली होती. पदराची गाठ बोटांत धरून.

"काकू, काकू, दोराची गाठ सोड ना.
दोरदादा सरकत नाही,
कप्पीआजी फिरत नाही,
बादलीबाई पाणी देत नाही,
बोरमावशी रुमाल सोडत नाही,
मला चैन पडत नाही."

काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कापशे, मला तरी कुठं चैन पडतंय? पण मी गाठ सोडणार नाही गं. लहान मुलानं फुंकर मारल्याशिवाय ही गाठ सुटत नाही. आणि मुलं तर आता इकडं फिरकतच नाहीत."

कापशी एकदा इकडं पळाली. एकदा तिकडं पळाली. मग कुंपणाखालून पलीकडे गेली.

पलीकडे तानी राहायची. तीन वर्षांची. एकाच पायात चप्पल घालून ती अंगणात बसली होती.

"ई! उंदीर!" तानी ओरडली.

"उंदीर काय म्हणतेस? मी कापशी!"

"हॅट! कापशीकडे पिवळा रुमाल असतो. तुझा कुठंय?"

"तेच तर सांगायला आलेय!" कापशी म्हणाली.

"तानी, तानी, फुंकर मार ना.
काकू गाठ सोडत नाही,
दोरदादा सरकत नाही,
कप्पीआजी फिरत नाही,
बादलीबाई पाणी देत नाही,
बोरमावशी रुमाल सोडत नाही,
मला चैन पडत नाही!"

"फुंकर? एवढंच?" तानी म्हणाली.

"एवढंच."

"आई म्हणाली, काकूंना त्रास द्यायचा नाही."

"फुंकर म्हणजे काय त्रास आहे?"

तानीनं विचार केला. मग दुसरी चप्पल शोधली. मग उठली.

पुढं कापशी, तुरुतुरु. मागं तानी, चटक फटक, चटक फटक.

"काकू! मी फुंकर मारायला आलेय!"

काकू तानीकडे बघत राहिली. मग उठली. आडापाशी गेली. दोराची गाठ हातात धरली.

तानीनं गाल फुगवले. फू!

काकूनं टोक ओढलं. सुर्र!

काकूनं गाठ सोडली,
दोरदादा सरकला,
कप्पीआजी फिरली, कुर्र कुर्र कुर्र,
बादलीबाई खाली गेली, डुबुक! वर आली आणि पाणी दिलं,
बोरमावशी पाणी प्यायली, गट गट गट,
तिचे काटे सैल झाले, तिनं रुमाल सोडला,
आणि रुमाल खाली आला. भिरभिर, भिरभिर.

कापशीनं तो वरच्या वर झेलला. पाठीवर पडली, पोटावर पडली, रुमालात गडबडा लोळली.

"आता जादू!" तानी म्हणाली.

"मला कुठं येते?" काकू म्हणाली. पण तिनं रुमाल घेतला. मुठीत कोंबला. तानीनं फुंकर मारली. फू! काकूनं मूठ उघडली.

"दिसतोय, दिसतोय!" तानी म्हणाली. "ते बघ पिवळं टोक!"

"थांब. पुन्हा करते."

कापशी काकूच्या बाहीत शिरली. बाही तोकडी होती. शेपूट बाहेरच राहिलं. फू! मूठ उघडली. रुमाल गायब! बाहीतून कोण आलं? कापशी! तोंडात काय? पिवळा रुमाल!

तानीनं टाळ्या वाजवल्या. "पुन्हा! पुन्हा!"

मग दोघी घरभर फिरल्या. पडद्याच्या दोरीची गाठ. फू! सुर्र! पिशवीच्या बंदाची गाठ. फू! सुर्र!

"अजून एक आहे," तानी म्हणाली. "तुझ्या पदराला!" तिनं गाल फुगवले.

काकूनं ती गाठ मुठीत धरली. "ही राहू दे, बाळा."

"का?"

"राहू दे."

"बरं. मी उद्या सगळ्यांना घेऊन येते." आणि तानी गेली. चटक फटक, चटक फटक.

कापशी रुमालात शिरली. एका कुशीवर वळली. दुसऱ्या कुशीवर वळली. आणि झोपली.

काकूनं बोरीला अजून एक बादली पाणी घातलं. दोर गुंडाळून ठेवला. दार लावलं.

पदराची गाठ तेवढी सोडायची राहिली.