तिवराचे हजार खुंट

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाच्या तोंडी नाही. तिथल्या खाडीतली मासळी दरवर्षी रोडावत चालली होती. राजाला घोर लागला. त्याने फर्मान काढलं, "खाडी तीन वर्षं राखीव. आत होडी नको, जाळं नको. हद्दीवर हजार खुंट ठोका. पुनवेला मी पाहायला येईन."

काम कारभाऱ्याच्या गळ्यात पडलं. माणूस प्रामाणिक, पण राजाचा शब्द खाली पडू न देणारा. पुनव पंधरा दिवसांवर, आणि हजार खुंट आणायचे कुठून? काठावर तिवरांची दाट झाडी होती. झालं! कुऱ्हाडी चालू झाल्या.

आठव्या दिवशी शिंपल्या वेचणारी म्हातारी येसूबाय चिखल तुडवत आली. "कारभारीबुवा, हे काय आरंभलंत?"

"मासळी राखतोय, बाय."

"राखताय? ओहोटीला या माझ्यासंगती, आणि जरा वाकून बघा."

तो गेला, वाकला. तिवराच्या मुळांत साचलेल्या पाण्यात नखाएवढी पिल्लं वळवळत होती. बोय, जिताडा, कोळंबी, सगळ्यांची. कारभाऱ्याने मागे वळून तोडलेल्या झाडांकडे पाहिलं.

पण पाचशे झाडं तर पडली होती! आता थांबायचं, म्हणजे भर दरबारात 'चुकलो' म्हणायचं. त्याला जेवण गोड लागेना, एका जागी बसवेना. दिवसातून दहादा काठावर जाई, 'थांबा' म्हणायला तोंड उघडी, आणि 'आवरा लवकर' म्हणून परत येई.

पुनवेला हजार खुंट उभे होते. राजाने त्याला शेला दिला. तो शेला त्याला जन्मभर टोचणार होता.

तीन वर्षं कडक पहारा बसला. कोळ्यांनी पोटाला चिमटा घेतला, पण एक होडी आत गेली नाही. चौथ्या वर्षी राजासमोर पहिलं जाळं पडलं. वर आला नुसता गाळ. काठावरच्या बायकांनी रिकाम्या टोपल्या खाली ठेवल्या.

"कोणी चोरली मासळी?" राजा कडाडला.

पहारेकऱ्यांनी शपथा घेतल्या. येसूबाय कारभाऱ्याकडे बघत राहिली. शेवटी त्यानेच शेला काढून राजाच्या पायाशी ठेवला.

"महाराज, चोर बाहेरून आलाच नाही. मासळीचे पाळणे तोडून मीच हे खुंट केले. आणि मला ते आठव्याच दिवशी कळलं होतं."

"तेव्हा निम्मी झाडं उभी होती रे बाबा," येसूबाय म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

राजाने त्याला कोठडीत टाकलं नाही. जेवढी तोडलीस तेवढी लाव, म्हणाला. कारभारी रोज ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून रोपं लावू लागला. मुळांत पिल्लं पुन्हा दिसली, तेव्हा त्याचे केस पिकले होते, आणि निम्मा कोळीवाडा पोटासाठी परमुलखात निघून गेला होता.

तात्पर्य: राखणाऱ्याने आपली चूक वेळेवर कबूल केली नाही, तर पहारा उरतो आणि राखायचं ते निघून जातं.